कोरडा खोकला: मेडिकलच्या काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. बाजाराच्या दिवशी शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक बहुतेक खोकल्याचंच असतं. "भाऊ, खोकल्याची एक बाटली द्या." मी विचारतो, कोणाला आणि किती दिवसांपासून? दुसऱ्या प्रश्नाला निम्मी माणसं अडखळतात. "झाले असतील की आठ-पंधरा दिवस." शेजारी उभी असलेली बायको हळूच म्हणते, "पोळ्यापासून हाय हो." आणि बाहेर बाजारात आकाशकंदील टांगलेले असतात.

मी डॉक्टर नाही, फार्मसी शिकलेला औषधविक्रेता आहे. तपासणं आणि निदान करणं हे माझं काम नाही. पण कोणाला बाटली द्यायची आणि कोणाला बाटली न देता दवाखान्यात पाठवायचं, हे मला दिवसातून दहा वेळा ठरवावं लागतं. त्यासाठी जे शिकलो ते इथे लिहिलं आहे. प्रश्न लोकांचेच आहेत.

कोरडा खोकला म्हणजे नेमका कोणता?

ज्यात बेडका पडत नाही तो. घशात खवखवतं, उबळ येते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ढास लागते आणि शेवटी हाती काहीच येत नाही.

मात्र "कोरडा" हा शब्द जपून घ्या. लहान लेकरं बेडका गिळून टाकतात. चारचौघांत थुंकायचं कसं म्हणून पुष्कळ बायकाही गिळतात, आणि मग मला येऊन "कोरडाच आहे" असं सांगतात. खोकला हा मुळात आजार नसून शरीराचा राखणदार आहे. घसा, श्वासनलिका, अन्ननलिका यांतल्या नसांना काही टोचलं की तो भुंकतो. कानाच्या नळीतही याच नसेची एक फांदी आहे, म्हणून कानात मळ घट्ट बसला तरी क्वचित कोरडा खोकला लागतो. राखणदार का भुंकतोय ते न बघता त्याचं तोंड बांधायचं, हा आपल्याकडचा रोजचा उपचार.

किती दिवस वाट पाहिली तर चालेल?

साध्या सर्दी-पडशाचा खोकला तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. त्यात काही जगावेगळं नाही. तीन ते आठ आठवडे हा मधला टप्पा. आठ आठवड्यांच्या वर गेला की डॉक्टर त्याला जुनाट खोकला म्हणतात आणि मुळापर्यंत जाऊन शोध घेतात. मुलांमध्ये ही हद्द चार आठवड्यांचीच.

आता यात एक मेख आहे. टीबीच्या सरकारी कार्यक्रमाचा नियम दोन आठवड्यांचा आहे: दोन आठवडे किंवा जास्त खोकला असेल तर तपासणी करून घ्यायची. लोक मला विचारतात, साधा खोकलाच तीन आठवडे राहतो तर मग दोन आठवड्यांत कशाला धावायचं? कारण बेडक्याच्या तपासणीला सरकारी दवाखान्यात पैसा लागत नाही आणि टीबी चुकला तर घरातली चार माणसं ओढली जातात. पंधरा दिवसांनी जाऊन "काही नाही" ऐकून परत आलात, तर तुमची एक फेरी तेवढी गेली.

म्हणून माझा आग्रह एकच, खोकला सुरू झाल्याची तारीख लिहून ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने एक फुली मारा. तारीख आठवत नसेल तर सण आठवा. महालक्ष्म्या बसल्या तेव्हा होता का, दसऱ्याला सोनं वाटताना खोकत होतात का? डॉक्टरांच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्या एका फुलीत असतात.

दिवस न मोजता ताबडतोब कधी जायचं?

बसल्या जागी धाप लागते, एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर दिसतात, छातीत कळ येते, थुंकीत रक्त दिसतं, माणूस बरळतो किंवा गुंगीत जातो, एक पाय अचानक सुजून दुखतो आणि सोबत दम लागतो. यातलं एकही असेल तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. कोविडनंतर बऱ्याच घरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर पडून आहे. त्यावर आकडा ९४ च्या खाली येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, ९० च्या खाली असेल तर गाडी काढा. बोट गार असेल किंवा मेंदी, नेलपॉलिश असेल तर आकडा फसवा येतो, हेही ध्यानात ठेवा. आणि आकडा चांगला आहे पण माणूस धापतोय, तर माणसाचं ऐका.

काही घशात अडकून खोकला सुरू झाला असेल, किंवा फवारणी करता करता खोकल्यासोबत लाळ गळणं, घाम, डोळ्यांपुढे धूसर दिसणं सुरू झालं असेल, तर तेही याच यादीत. फवारणीच्या बाबतीत अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवा आणि औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत न्या. डॉक्टरांना विषाचं नाव कळलं तर उतारा लवकर देता येतो.

ताप, सर्दी सगळं गेलं. खोकला मात्र महिना झाला जात नाही. असं का?

विषाणू निघून जातो, पण श्वासनलिकेचं आतलं अस्तर सोलवटून ठेवतो. नवी कातडी आलेल्या जखमेला वारासुद्धा झोंबतो ना, तसंच. थंड हवा, धूळ, फोडणीचा ठसका, मोठ्याने हसणं, एवढ्याने उबळ येते. हा खोकला दर आठवड्याला थोडा थोडा उतरणीला लागायला हवा. उतरणीऐवजी चढणीला लागला, किंवा गेलेला ताप परत आला, तर दाखवा.

दिवसभर ठीक असतं, रात्रीच का वाढतो?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण खोकल्याची वेळ बरंच काही सांगून जाते.

अंथरुणाला पाठ टेकताच सुरू होत असेल आणि सारखं घसा खाकरावा लागत असेल, तर नाकातलं पाणी मागच्या मागे घशात उतरत असण्याची शक्यता मोठी. अॅलर्जी, सायनस यांचं हे दुखणं.

जेवून लगेच आडवं झाल्यावर, वाकल्यावर, तोंडात आंबट पाणी येऊन ढास लागते, ती पोटातल्या आम्लाची. छातीत जळजळ व्हायलाच हवी असं नाही, पुष्कळांना नुसता खोकलाच असतो. आपल्याकडे रानातून यायला रात्र होते, नऊ-साडेनऊला भाकरी, पिठलं, वर ठेचा, आणि दहाला बाजेवर. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा असं पुस्तक सांगतं. ते जमत नसेल तर निदान रात्रीचं जेवण हलकं करा आणि बाजेच्या उशाकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवा. दोन उशा घेऊन मान मोडण्यापेक्षा ती वीट बरी.

पहाटे तीन-चारला झोपमोड करणारा, थंडीत किंवा हंगाम बदलताना दरवर्षी ठरल्यासारखा येणारा, पळाल्यावर वा हसल्यावर उसळणारा खोकला दम्याचा असू शकतो. यात छातीत सूं-सूं वाजतंच असं नाही. दम्याचा एक प्रकार असा आहे की त्यात खोकला सोडून दुसरं काहीच नसतं. अशी माणसं वर्षानुवर्षं बाटल्या पीत राहतात.

आणि चौथा: आडवं झालं की गुदमरतं, उठून बसल्यावर बरं वाटतं, संध्याकाळी पायांवर सूज येते, बोटाने दाबलं की खड्डा पडतो. हे हृदयाकडे बोट दाखवतं. इथे खोकल्याचं औषध मागायला येऊ नका, थेट डॉक्टरांकडे जा.

औषधामुळेही खोकला लागतो का?

लागतो, आणि हे मी माझ्याच घरात उशिरा ओळखलं.

आई गावाकडे असते. बीपीची गोळी सुरू होऊन दोनेक महिने झाले असतील, तिला कोरडी ढास लागली. बोलता बोलता वाक्य तुटायचं. मी आधी ज्येष्ठमध दिलं, मग एक सिरप, मग दुसरं. शेजारणी म्हणाल्या, घसा बसलाय, भजनात जास्त ओरडते. तीन महिने असेच गेले. एके दिवशी तिच्या गोळ्यांचा डबा भरताना पाकिटावरचं नाव वाचलं आणि कपाळावर हात मारला. रॅमिप्रिल. दर महिन्याला ती गोळी माझ्याच दुकानातून जात होती, माझ्याच हाताने.

एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल, नावाच्या शेवटी "प्रिल" येणाऱ्या या बीपीच्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो, बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. गोळी सुरू केल्यावर काही दिवसांत लागेल किंवा काही महिन्यांनीही. या गोळ्यांमुळे ब्रॅडिकायनिन नावाचं एक द्रव्य साचतं आणि खोकल्याच्या नसा हुळहुळ्या होतात. सिरपने याला काडीचा फरक पडत नाही. डॉक्टर गोळी बदलून देतात, मग खोकला साधारण एक ते चार आठवड्यांत जातो, कोणाला तीन महिनेही लागतात. आईचा महिन्याभरात गेला.

पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बीपी चढून लकवा मारला तर खोकला परवडला म्हणायची वेळ येईल.

हंगामात शेतात काम केलं की ढास लागते. ही धूळ की आजार?

आधी धूळ असते, दुर्लक्ष केलं की आजार होतो.

ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी. मशीनच्या तोंडाशी उभं राहून काड लोटणाऱ्याच्या भुवया, कान, नाकपुड्या भुसकटाने पांढऱ्या झालेल्या असतात, त्याच्या छातीत काय जात असेल? पुढे तुरीची रास, ज्वारीचा कडबा, कडब्याची कुट्टी. वसमतकडे हळद पॉलिश करताना उडणारी पिवळी धूळ वेगळीच. काम संपल्यावर दोन-तीन दिवसांत खोकला बसत असेल तर तो धुळीचा चिडचिडेपणा. दरवर्षी वाढत चालला असेल, किंवा मळणी संपून महिना झाला तरी असेल, तर फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी, स्पायरोमेट्री, करून घ्या.

मानवत, सेलूकडच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांनी एक खूण लक्षात ठेवावी. सुटीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, खोकला येतो आणि पुढच्या दिवसांत कमी वाटतं. कापसाच्या बारीक धुळीने होणाऱ्या आजाराची ही जुनी ओळख आहे. सुरुवातीला धूळ टाळली तर सुधारतो, फार वर्षं गेली तर फुप्फुस कायमचं अधू होतं.

दुसरी खूण पावसाळ्यातली. भिजून बुरशी धरलेला कडबा किंवा भुसकट उपसलं, आणि चार ते आठ तासांनी थंडी-ताप, अंगदुखी, खोकला, दम. लोक म्हणतात, पावसात भिजला. दोन दिवसांत उतरतंही. परत गंजीत हात घातला की परत तेच. ही बुरशीची अॅलर्जी असते आणि ती फुप्फुसाला आतून घट्ट करत जाते. खडी क्रशरवर आणि विहिरी-बोअर फोडण्याच्या कामावर दगडाची धूळ असते, तिने होणारा सिलिकोसिस बरा करायला औषध नाही, म्हणून तिथे आधीच सांभाळायचं.

रुमाल, उपरणं बांधून जाड कण अडतात, बारीक धूळ आरपार जाते. एन-९५ मास्क नाकाला घट्ट बसवून लावा. मशीनजवळ उभं राहताना वारा पाठीवर घ्या, भुसकट तोंडावर येईल असं थांबू नका. हा एवढासा बदल फुकट आहे आणि तरी दर हंगामात मी लोकांना चुकीच्याच बाजूला उभं बघतो.

आमच्याकडे गॅस आहे. तरी बाईला धुराचा खोकला कसा?

चहा गॅसवर होतो, हे खरं. पण भाकरी? अंघोळीचं पाणी? परसातल्या बंबात पऱ्हाट्या जळत असतात आणि फुंकणारी तीच असते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं तर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, सहा महिने चुलीवरच असतं, आणि कोपीला खिडकी नसते. वर्षानुवर्षं चूल फुंकणाऱ्या, कधी बिडीला हात न लावलेल्या बायकांना बिडी ओढणाऱ्यांसारखाच फुप्फुसाचा आजार होतो. म्हातारीला जिना चढताना दम लागतो तो वयामुळेच, असं घरातल्यांनी ठरवून टाकू नये.

बिडी-सिगारेटबद्दल मी जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. फक्त एवढंच: ओढणाऱ्याचा रोजचा खोकला बदलला, म्हणजे जोर वाढला, आवाज घोगरा झाला, वजन उतरलं, तर एक्स-रे काढा. "मला तर नेहमीचाच आहे" हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकलं त्यातले काही आता नाहीत.

टीबीचा खोकला कसा ओळखायचा? त्यात तर बेडका पडतो ना?

नेहमी नाही. सुरुवातीला कोरडाही असतो. फुप्फुसाच्या आवरणात पाणी भरलं असेल तर कोरडा खोकला, ताप आणि श्वास घेताना कुशीत दुखणं, एवढंच असतं. सोबतीला काय आहे ते बघा: संध्याकाळी अंग कोमट होणं, रात्री घामाने उशी भिजणं, भूक मरणं, कपडे सैल होणं, बेडक्यात रक्त. घरात कोणाला टीबी झालेला असेल, स्वतःला शुगर असेल, तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका.

बेडका सरकारी दवाखान्यात तपासतात, सकाळी उठल्या उठल्या खोल खोकून काढलेला नमुना चांगला. थुंकी नको, छातीतून आलेलं हवं. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या यंत्रावर जंतू आहे का आणि मुख्य औषधाला तो दाद देतो का, हे काही तासांत कळतं. बेडका येतच नसेल तर एक्स-रेवरून पुढची दिशा ठरते.

औषध फुकट, साधारण सहा महिने. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये बँक खात्यात येतात. ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होती. ऊसतोडीला जायचं म्हणून गोळ्या सोडणारे मी पाहिले आहेत. सोडायची गरज नाही: तुमची नोंद देशभर एकाच प्रणालीत असते, जिथे कारखाना असेल तिथल्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू राहतात. निघण्याआधी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात सांगायचं. शंका असेल तर १८००-११-६६६६ हा टीबीचा फुकट मदत क्रमांक आहे.

लेकराला खोकला आहे, एखादी चांगली बाटली द्या.

नाही देणार. हे मी पूर्वीही बऱ्याचदा म्हणायचो, ऑक्टोबर २०२५ पासून तर हात जोडून म्हणतो. तेव्हा मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याचं सिरप पिऊन वीसहून जास्त लेकरं गेली. सिरपमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विष निघालं, ज्याने मूत्रपिंडं बंद पडतात. काही लेकरांना नागपूरला आणलं होतं. त्याच वेळी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही साधारणपणे टाळावीत. विष नसलेली चांगली बाटलीसुद्धा या वयात खोकल्याला फारसा उपयोग करत नाही, उलट गुंगी आणते, श्वास मंदावते.

त्याऐवजी श्वास मोजा. लेकरू शांत असताना, रडताना नव्हे, पोटावरचं झबलं वर करा आणि मोबाईलचं घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असेल तर न्यूमोनियाची शंका धरून तातडीने न्यायचं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, अंगावर पीत नाही, सारखं झोपेतच राहतं, तर मोजायलाही थांबू नका.

खेळता-खाताना अचानक ठसका लागून सुरू झालेला खोकला वेगळा. शेंगदाणा, हरभरा, चिंचोका, सीताफळाची बी. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळाचा हंगाम आला की हे ध्यानात ठेवाच. ठसका थांबतो, घरच्यांना वाटतं निघालं, आणि बी एका बाजूच्या नळीत बसून राहते. आठवड्याने ताप आणि एकाच बाजूला घरघर. तेव्हा "त्या दिवशी ठसका लागला होता" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. घशात आंधळेपणाने बोट घालू नका, अडकलेलं आणखी खाली जातं. वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वासच अडला तर त्याला मांडीवर पालथं, डोकं खालच्या बाजूला करून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या बुडाने पाच थापा मारा, आणि दुसऱ्याला तोवर १०८ लावू द्या.

डांग्या खोकला अजून संपलेला नाही. उबळीवर उबळ, शेवटी लांब ओढलेला आवाज, मग उलटी. तान्ह्याला तो आवाजही येत नाही, नुसता श्वास थांबतो आणि बाळ निळं पडतं. लस फुकट आहे: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटा (पाच आजारांची एकत्र लस), मग दीड-दोन वर्षांना आणि पाच वर्षांना बूस्टर. कार्ड काढून बघा.

बिब्ब्याचा चटका, नाकात तेलाचे थेंब, छातीवर कापूर चोळणं, तिन्ही बंद. बिब्ब्याने कातडी भाजते, तेल फुप्फुसात उतरून वेगळाच न्यूमोनिया होतो, आणि कापूर तान्ह्याला विषारी आहे. आजीचा राग येईल, येऊ द्या.

मोठ्यांना कोणतं सिरप चालतं?

कोरड्या ढासेने झोपच लागत नसेल तर दोन-चार रात्रींपुरतं डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं औषध काहींना आराम देतं. ते खोकला बरा करत नाही, दाबतं. मानसिक आजाराची किंवा नैराश्याची गोळी चालू असेल तर आधी विचारा, काहींशी याचं जमत नाही. बऱ्याच बाटल्यांत क्लोरफेनिरामिन असतं, त्याने झापड येते. ट्रॅक्टर, काळी-पिवळी चालवणाऱ्यांनी पिऊन गाडीवर बसू नये. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांची लघवी त्याने तुंबू शकते. शुगरवाल्यांनी बाटलीतली साखर विचारून घ्यावी. कोडीनच्या बाटलीची सवय लागते. ती चिठ्ठीशिवाय मागू नका, आणि कोणी सहज देत असेल तर त्या दुकानात परत जाऊ नका.

अँटिबायोटिकचा एक कोर्स घेऊन टाकला तर?

सर्दीचा खोकला विषाणूचा असतो, अँटिबायोटिक विषाणूला लागू पडत नाही. शिवाय लिव्होफ्लॉक्सासिनसारखी काही औषधं टीबीच्या जंतूला अर्धवट झोडपतात: चार दिवस बरं वाटतं, आजार लपतो आणि निदान लांबतं.

घरगुती उपायांचं काय?

मध उत्तम. झोपताना अर्धा-एक चमचा, नुसता किंवा कोमट पाण्यातून. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा नाही, त्यातल्या जंतूबीजांनी लुळेपणा येऊ शकतो. मिठाच्या गुळण्या, चघळायला लवंग, खडीसाखर, कोमट पाण्याचे घोट, हळद-दूध, सगळं चालेल, घसा ओला राहणं महत्त्वाचं. ज्येष्ठमध मात्र बीपीवाल्यांनी रोज खाऊ नये, बीपी वाढतो. वाफेच्या उकळत्या भगोण्यामुळे भाजलेली लेकरं मी पाहिली आहेत, त्यांना वाफ नकोच.

दही, केळी बंद करू का?

खाल्ल्यावर तुम्हाला त्रास होत असेल तर करा. नसेल तर खा.

कूलर लावला की खोकला सुरू होतो.

मागच्या वर्षीचं गवत तसंच असेल. वर्षभर टाकीत सुकलेला गाळ आणि गवतातली बुरशी पहिल्याच दिवशी तोंडावर येते. गवत बदला, टाकी घासा, आठवड्याला पाणी काढा, आणि वारा थेट डोक्यावर घेऊन झोपू नका.

डॉक्टरांनी तोंडाने ओढायचा पंप (इनहेलर) दिलाय. त्याची सवय लागते म्हणतात.

चष्म्याची लागते तितकी. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि थेट नळीत जातो, गोळीचा त्यापेक्षा कितीतरी मोठा आणि अंगभर फिरणारा. लोक पंपाला घाबरतात आणि कुठून तरी आणलेल्या पुडीतल्या गोळ्या महिनोन्महिने खातात, ज्यात स्टेरॉइड असल्याचं तोंड सुजल्यावर कळतं. पंप ओढायची रीत दुकानात परत दाखवून घ्या, निम्म्यांचं औषध जिभेवरच राहतं. ओढल्यावर चूळ भरा.

गरोदरपणात काय घ्यावं?

मध, गुळण्या, कोमट पाणी. बाटली डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. दोन आठवड्यांचा नियम गरोदर बाईलाही लागू आहे, "बाळंत झाल्यावर बघू" म्हणू नका.

जायचं कुठे, आणि सोबत काय न्यायचं?

आधी जवळचं आरोग्य केंद्र किंवा तुमचे नेहमीचे डॉक्टर. बेडका, एक्स-रेसाठी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. त्यापुढचं, म्हणजे सीटी स्कॅन, दुर्बिणीने श्वासनलिका बघणं, हे लागलं तर संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरीचं, लातूरचं, अशी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आपल्या भागात आहेत.

सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, नावं पाठ करू नका. आतापर्यंत प्यालेल्या बाटल्याही पिशवीत टाका, लाजू नका. जुना एक्स-रे असेल तर तो घ्या, नव्याशी ताडून बघता येतो. रात्रीची ढास डॉक्टरांपुढे कधीच येत नाही, म्हणून मोबाईलवर अर्धा मिनिट आवाज भरून ठेवा. घरातलं एक माणूस बरोबर असू द्या, शक्यतो तीच, जिला पोळ्यापासूनचे दिवस पाठ आहेत.